पऱ्हाटीवरची वीज आणि शेत ते बॉयलर हे अंतर

माटुंग्याला अडेनवाला मार्गावर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. सिरकॉट या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९२४ साली सुरू झाली आणि कापसाच्या तंतूची लांबी, मजबुती, तलमपणा यांचे मोजमाप हे तिचे मूळ काम. पण कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीवरही येथे अनेक वर्षे संशोधन होत आले आहे. तिचे पार्टिकल बोर्ड कसे करावे, ब्रिकेट आणि पेलेट (जळणाचे ठोकळे आणि गोळ्या) कसे दाबावेत, यावर इथल्या शास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. मुंबईत कापसाचे एक बोंडही पिकत नाही, तरी पऱ्हाटीचे भवितव्य बऱ्याच अंशी याच शहरात ठरते. विजेचा दर ठरवणारा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग कफ परेडला आहे, वीज विकत घेणाऱ्या महावितरणचे मुख्यालय वांद्र्याच्या प्रकाशगडात आहे आणि कर्ज देणाऱ्या बँकांची मुख्यालये फोर्टपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत पसरली आहेत.

माझे कामही याच साखळीतले आहे. शेतातील अवशेषांवर चालणाऱ्या वीजप्रकल्पांचे अहवाल कर्ज मंजूर होण्यापूर्वी तपासून देणाऱ्यांपैकी मी एक आहे. या अहवालांत बॉयलर, टर्बाइन आणि कूलिंग टॉवर यांना पानेच्या पाने मिळतात आणि इंधन कसे गोळा होणार याला जेमतेम पान-दीड पान. प्रकल्प अडचणीत येतात ते बहुतेक वेळा त्या दीड पानामुळे. म्हणून आज यंत्रांबद्दल थोडे आणि त्या दीड पानाबद्दल सविस्तर लिहायचे आहे.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून करून घेतलेल्या अभ्यासानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार, म्हणजे पिकांचे अवशेष, उपलब्ध होतो. चारा, सरपण, छपरे आणि इतर वापर वजा जाता त्यातला सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतो आणि त्यावर २८,००० मेगावॉट वीज निर्माण होऊ शकते. साखर कारखान्यांतील बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चोथ्यावरची, सुमारे १४,००० मेगावॉटची क्षमता याहून वेगळी. हे आकडे जवळजवळ प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असतात आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. मात्र ‘उपलब्ध’ म्हणजे नेमके कोठे उपलब्ध, हा प्रश्न तेथेच विचारायला हवा. कारखान्याच्या आवारात साचलेला एक टन आणि चाळीस बांधांवर विखुरलेला एक टन हे कागदावर सारखे दिसतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळी इंधने आहेत.

बगॅसचे उदाहरण घ्या. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस मिळते. त्यात निम्मे पाणी असते आणि उष्मांक किलोला सव्वादोन हजार किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे इंधन म्हणून ते काही फार उत्तम नव्हे. तरीही महाराष्ट्रात बगॅसवरील सहवीजनिर्मिती अडीच हजार मेगावॉटच्या पुढे गेली, आणि देशातील जैवभार विजेचा मोठा वाटा याच पद्धतीचा आहे. याचे कारण सरळ आहे. ऊस साखरेसाठी कारखान्यात येणारच असतो, तोडणी आणि वाहतुकीचा खर्च साखरेच्या हिशेबात पडलेला असतो, आणि बगॅस शेवटच्या चरकापासून पट्ट्यावरून थेट बॉयलरच्या तोंडाशी येते. शिवाय टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ रस आटवण्यासाठी वापरली जाते, त्यामुळे उष्णता वाया जात नाही. गोंदिया आणि भंडाऱ्यातील भातगिरण्यांच्या तुसाचेही असेच आहे. तूस गिरणीत गोळा झालेला, कोरडा आणि एकसारख्या आकाराचा मिळतो. त्याच्या राखेतील सिलिका नळ्या झिजवते ही अडचण खरी, पण तिच्यावर उपाय माहीत आहेत.

पऱ्हाटी, तुराटी आणि भाताचा पेंढा यांच्याबाबत यातले काहीच तयार मिळत नाही. महाराष्ट्रात कापसाखाली साधारण चाळीस लाख हेक्टर क्षेत्र असते आणि हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. हा गुणाकार करून अनेकांचे डोळे दिपतात. आता एका प्रकल्पाचा हिशेब करून पाहू. १० मेगावॉटचा प्रकल्प वर्षभर सरासरी ८० टक्के क्षमतेने चालला तर सुमारे सात कोटी युनिट वीज तयार होते. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या निकषांत अशा प्रकल्पासाठी एका युनिटला ४,१२५ ते ४,२०० किलोकॅलरी उष्णता आणि इंधनाचा उष्मांक किलोला ३,१०० किलोकॅलरी धरला आहे. म्हणजे एका युनिटमागे सुमारे १.३५ किलो आणि वर्षाला सुमारे ९५,००० टन इंधन लागते. हेक्टरी अडीच टन धरले आणि एकही काडी मागे राहिली नाही असे मानले, तरी हे ३८,००० हेक्टरांवरचे पीक झाले. प्रत्यक्षात शेतकरी थोडी पऱ्हाटी चुलीसाठी ठेवतो, थोडी रोटाव्हेटरने मातीत मिसळतो, काही शेतांपर्यंत ट्रॅक्टर पोहोचत नाही. तिसरा हिस्सा हाती लागला तर ते चांगले संकलन मानावे, आणि मग परीघ एक लाख हेक्टरांच्या पुढे जातो.

त्यातही हा माल वर्षभर मिळत नाही. कोरडवाहू कपाशीची वेचणी साधारण डिसेंबर-जानेवारीत आटोपते आणि उन्हाळी नांगरटीच्या आधी रान मोकळे व्हावे लागते. हाती येतात ते जेमतेम तीन महिने. बॉयलर मात्र पावसाळ्यातही तेवढेच मागतो. म्हणजे सत्तर हजार टनांच्या आसपास इंधन साठवून ठेवावे लागते. बारीक तुकडे केलेल्या पऱ्हाटीचे वजन घनमीटरला १५० किलो धरले तर सुमारे पावणेपाच लाख घनमीटरचा ढीग होतो, आणि तो पाच मीटर उंच रचला तरी सुमारे तेवीस एकर जागा व्यापतो. ती जागा, वर ताडपत्री किंवा शेड, ढिगांमध्ये आगीचा बंब फिरेल एवढे अंतर, पाण्याच्या टाक्या आणि विमा यांचा खर्च मला क्वचितच कोणत्या अहवालात पूर्ण धरलेला आढळतो.

यवतमाळ जिल्ह्यात एका संकलन केंद्रावर जानेवारीत मी हे काम जवळून पाहिले. शेतात बायका जोडीने लोखंडी चिमट्याने पऱ्हाटी उपटत होत्या. चिमट्याचा जबडा बुंध्याला बुडाशी धरायचा, दांड्यावर वजन टाकायचे आणि मूळ सुटले की झाड बाजूला फेकायचे. काळी माती कोरडी पडली की मूळ सुटत नाही आणि खोड मध्येच मोडते, म्हणून सकाळी जमिनीत थोडी ओल असते तोवर कामाचा वेग असतो. उपटलेल्या मुळांना मातीची ढेकळे चिकटलेली असतात. ती झटकायला कोणाला सवड नसते, कारण मजुरी एकरावर ठरलेली असते. तीच माती पुढे कटाई यंत्राची पाती बोथट करते आणि बॉयलरमध्ये राख वाढवते. केंद्रावरचा माणूस दर काही तासांनी यंत्र थांबवून पाती काढत होता आणि ग्राइंडरवर धार लावत होता. फांद्या एकमेकींत इतक्या गुंततात की दहा टन वाहून नेणारा ट्रक अडीच-तीन टनांतच काठोकाठ भरतो. उरलेल्या क्षमतेचे भाडे हवेसाठी दिले जाते.

त्या शेताच्या मालकाला मी विचारले की पऱ्हाटीचे किती मिळावेत असे तुम्हाला वाटते. ते म्हणाले, ‘‘साहेब, न्यायले कोणी आलं तर मी फुकट देतो. पण उपटून, बांधून रोडवर आणून द्या म्हणाल, तर मजुरी कोण देईन?’’ प्रकल्प अहवालात ज्याला ‘कचरा’ म्हटले जाते त्याची खरी किंमत या प्रश्नात आहे. इंधन म्हणून पऱ्हाटीला स्वतःची किंमत जवळपास नाही. तिची किंमत म्हणजे उपटणे, तोडणे, भरणे आणि वाहणे यांची किंमत. ती शून्य धरणारा हिशेब शेतकऱ्याच्या घरातील श्रम फुकट धरतो, आणि असा हिशेब दोन हंगामही टिकत नाही.

दराचे गणितही याच ठिकाणी अडते. युनिटला १.३५ किलो इंधन आणि तयार विजेतली दहा टक्के प्रकल्पाच्याच पंप-पंख्यांत खर्च होणारी, हे धरले तर इंधन टनाला हजार रुपयांनी महागले की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटचा खर्च दीड रुपयाने वाढतो. तीन हजार रुपये टनाचे इंधन म्हणजे नुसत्या इंधनाचे साडेचार रुपये. व्याज, पगार आणि देखभाल त्यावर वेगळी. सौर वीज आज तीन रुपयांच्या आत मिळते, तेव्हा वीज खरेदी करणारा अधिकारी तुमच्याकडे का वळेल, याचे उत्तर अहवालाने द्यायला हवे. ते उत्तर आहे. सूर्य मावळल्यावर, नेमकी मागणी चढते त्या वेळी, जैवभाराचा बॉयलर पेटलेला असतो, आणि तो ग्रामीण उपकेंद्राजवळ असल्याने लांबच्या तारांतील गळतीही कमी होते. पण संध्याकाळच्या युनिटला दुपारच्या युनिटपेक्षा जास्त दर मिळत नसेल तर या गुणाचा पैशात काहीच उपयोग नाही. दिवसभर एकच दर हा नियम अशा प्रकल्पांवर अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण दर वाढण्याची. प्रकल्प उभा राहण्याआधी पंचक्रोशीत पऱ्हाटीला गिऱ्हाईक नसते. प्रकल्प सुरू झाला की तेच इंधन वीटभट्टी, ब्रिकेटचा कारखाना आणि एमआयडीसीतील बॉयलर हेही घेऊ लागतात. कापड प्रक्रिया, औषधे किंवा खाद्यपदार्थ यांच्या कारखान्याला फर्नेस ऑइलच्या तुलनेत ब्रिकेट खूप स्वस्त पडते, त्यामुळे तो वीजप्रकल्पापेक्षा चढा भाव सहज देऊ शकतो. वीजप्रकल्पाचे हात मात्र करारातील दराने बांधलेले असतात. देशातील अनेक स्वतंत्र जैवभार प्रकल्प नेमके या कात्रीत सापडून महिनोन्‌महिने बंद राहिले. विदर्भातील एका प्रकल्पाच्या कर्जाच्या पुनर्रचनेची कागदपत्रे मी पाहिली आहेत. त्याचा बॉयलर उत्तम स्थितीत होता आणि यार्ड रिकामे होते.

बॉयलरबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सर्व अवशेष सारखे जळत नाहीत. पेंढ्यात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असते. पोटॅशियममुळे राख कमी तापमानालाच मऊ होऊन नळ्यांवर चिकटते आणि क्लोरीन सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्या खाते. पंजाबमध्ये जलखेडी येथे १९९२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर १० मेगावॉटचा प्रकल्प उभारला गेला, पण तो सलग चालवणे सोपे गेले नाही. डेन्मार्कमध्ये १९९३ च्या राजकीय करारानुसार मोठ्या वीजकेंद्रांना पेंढा जाळणे बंधनकारक झाले. इंग्लंडमध्ये ईली येथे ३८ मेगावॉटचे पेंढ्यावरचे केंद्र २००० सालापासून चालते आणि वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा वापरते. तिथे हे जमले त्यात बॉयलरच्या रचनेचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा सलग मोठ्या शेतांचा आणि यंत्राने बांधलेल्या, एकसारख्या आकाराच्या, काही शे किलो वजनाच्या गठ्ठ्यांचा आहे. आपल्याकडे दोन-अडीच एकरांचे तुकडे, त्यात तुरीचे आंतरपीक, मध्ये बांध आणि नाले. तिथली यंत्रे जशीच्या तशी आणून भागणार नाही. पऱ्हाटी लाकडासारखी असल्याने पेंढ्यापेक्षा बरीच सौम्य जळते, ही मात्र आपल्या बाजूची गोष्ट आहे.

स्वतंत्र प्रकल्पाऐवजी कोळशाच्या केंद्रात पेलेट मिसळण्याचा मार्ग गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीने उत्तर प्रदेशात दादरी येथे त्याची सुरुवात केली, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ‘समर्थ’ अभियान सुरू केले आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या धोरणात कोळशाच्या केंद्रांसाठी २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के जैवभाराचे प्रमाण ठरवण्यात आले. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हा मार्ग भक्कम आहे. १० मेगावॉटचा लहान प्रकल्प इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २० टक्क्यांची वीज करतो, मोठे केंद्र ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्याच पऱ्हाटीतून दीडपटीहून अधिक वीज. पारस, भुसावळ, कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर ही आपली मोठी केंद्रे कापूस पट्ट्यात किंवा त्याच्या लगतच आहेत, आणि त्यांना नवा बॉयलर, नवी वाहिनी किंवा नवा वीजखरेदी करार लागत नाही. एका हंगामात पऱ्हाटी कमी आली तर केंद्र बंद पडत नाही, हा तर फार मोठा दिलासा.

तरी माझ्या मनात दोन शंका राहतात. पहिली राखेची. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश असते आणि ती शेतात परत गेली तर जमिनीतून उचललेले काहीतरी जमिनीला मिळते. कोळशाच्या राखेत मिसळली की ती कायमची हातची गेली. दुसरी शंका पैसा कोठे थांबतो याची. पेलेटच्या निविदा मोठ्या असतात, अनामत रक्कम मोठी असते, आणि गावातली शेतकरी उत्पादक कंपनी त्या स्पर्धेत उतरूच शकत नाही. मग ती मधल्या व्यापाऱ्याला कच्चा माल विकते आणि मूल्यवाढीचा भाग दुसऱ्याकडे जातो. निविदांचे लहान भाग पाडून काही भाग अशा कंपन्यांसाठी राखला तर ही अडचण बरीच दूर होईल.

तिसरा पर्याय मला सर्वांत आश्वासक वाटतो आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते, तो म्हणजे वाफ विकणे. वीज करताना लहान प्रकल्पात चार पंचमांश उष्णता हवेत जाते. तीच पऱ्हाटी कारखान्याच्या बॉयलरमध्ये वाफेसाठी जाळली तर ७५ टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी येते. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योग वसाहत आहे आणि भोवताली कपाशीचा प्रदेश. अशा वसाहतीत सामायिक बॉयलर उभारून रंगाई-धुलाईला वाफ द्यावी आणि वाफेच्या वाटेवर लहान टर्बाइन बसवून वीज काढावी, म्हणजे साखर कारखान्याला जे साधले तेच कापसालाही साधेल. या हिशेबात इंधनाला चढा भाव देणे परवडते, आणि म्हणूनच उपटण्याची मजुरी पूर्ण देता येते.

पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढण्याचा आणखी एक लाभ आहे, जो विजेच्या हिशेबात कोठेच दिसत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. न उघडलेल्या, किडक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामाची वाट पाहते. फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवू नका, असे कृषी विद्यापीठे दरवर्षी सांगतात. शेतकऱ्याला ते पटतेही, पण हातात आलेली शेवटची वेचणी सोडून वर पदरच्या पैशाने पऱ्हाटी उपटायची कशी, हा त्याचा प्रश्न अनुत्तरित राहतो. गावातच कटाई यंत्राने जानेवारीपर्यंत बारीक तुकडे झाले तर अळीचा मोठा साठा तेथेच संपतो. उपटणीच्या मजुरीचा काही भाग कीड नियंत्रणाच्या निधीतून देण्याचा विचार शासनाने गंभीरपणे करावा असे मला वाटते, कारण त्याचा फायदा पऱ्हाटी विकणाऱ्या शेतकऱ्याइतकाच शेजारच्या शेतालाही होतो.

जमिनीचा सेंद्रिय कर्ब जपणारे लोक या सगळ्याला हरकत घेतात आणि त्यांचे म्हणणे मी मनापासून ऐकतो. उसाचे पाचट, सोयाबीनचे कुटार आणि गव्हांडा यांच्याबाबत मी त्यांच्याच बाजूचा आहे. पाचट सरीत आच्छादन म्हणून राहावे आणि कुटार जनावरांच्या पोटात जावे. पऱ्हाटी मात्र काष्ठमय असते, सावकाश कुजते आणि कोरडवाहू रानात पुढच्या पेरणीपर्यंत तशीच पडून राहते, म्हणून अनेक ठिकाणी ती शेवटी बांधावर पेटवली जाते. जी उघड्यावर जळणारच आहे ती बॉयलरमध्ये जाळावी, आणि जी शेतकरी यंत्राने बारीक करून मातीत मिसळतो आहे तिच्याकडे प्रकल्पाने बघूही नये.

हल्ली माझ्याकडे अहवाल आला की मी इंधनाचे प्रकरण आधी उघडतो. बॉयलरची मागणी नोंदवण्यापूर्वी एक पूर्ण हंगाम संकलन करून दाखवा, तो माल ब्रिकेटवाल्यांना विका, पण किती गावांतून, कोणत्या भावाने आणि किती ओलाव्याचा माल आला याची वजनकाट्याची पावती जोडा, अशी अट मी शिफारशीत घालतो. प्रकल्पापासून पन्नास किलोमीटरच्या आत दुसरा कोणी तेच इंधन घेतो का, याची नोंद मागतो. आणि इंधनाच्या करारात दरवर्षी ठरावीक टक्के वाढ न लिहिता शेतमजुरीचा त्या तालुक्यातील दर आणि डिझेलचा भाव यांच्याशी जोडलेले सूत्र लिहावे, असा आग्रह धरतो. हेच सूत्र विजेच्या दरातील इंधनाच्या हिश्श्याला लागू झाले तर प्रकल्प तरेल आणि चिमटा चालवणाऱ्या बाईची मजुरी कमी करून तोटा भरून काढण्याची वेळ कोणावर येणार नाही. राज्याचा विद्युत नियामक आयोग नव्या दर विनियमांचा मसुदा प्रसिद्ध करतो तेव्हा लोकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. पुढच्या मसुद्यावर मी हे सूत्र आकडेवारीसह लेखी पाठवणार आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातील ज्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पऱ्हाटीचे संकलन करून पाहिले आहे त्यांनी आपल्या खर्चाचे तपशील त्याच वेळी स्वतंत्रपणे आयोगाकडे द्यावेत, अशी माझी विनंती आहे.